युद्धकाळात ऐतिहासिक वास्तूचे दार निराश्रितांसाठी उघडावे का?

उंबरठा (धागाकर्ता)

एका स्नेह्यांशी झालेल्या वादातून हा धागा काढत आहे. त्यांचे म्हणणे असे की, जी वास्तू दोन-तीनशे वर्षे टिकली आहे, जिच्यात चित्रे, ग्रंथ, कोरीव लाकूडकाम आणि जुने गालिचे आहेत, ती युद्धाच्या काळात रिकामी करून कुलूपबंद ठेवावी. माणसांची सोय शाळांत, बराकींत, तंबूंत कुठेही करता येते, पण जळालेला घुमट पुन्हा मिळत नाही. मला हे मुळातच मान्य नाही, आणि का मान्य नाही ते दुसऱ्या महायुद्धातील एका घराच्या आधारे मांडतो.

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात चॅट्सवर्थ हाऊस हा डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचा प्रासाद आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच असे मोठे प्रासाद सरकार ताब्यात घेणार हे स्पष्ट झाले होते. त्याच सुमारास उत्तर वेल्समधील कॉल्विन बे येथील पेनऱ्होस कॉलेज या मुलींच्या निवासी शाळेची इमारत अन्न मंत्रालयाने घेतली आणि शाळा उघड्यावर आली. दहाव्या ड्यूकनी तिला आपले घर दिले. अकरा दिवसांत घरातील सामान बांधून हलवले गेले आणि सुमारे तीनशे मुली व त्यांच्या शिक्षिका तेथे राहायला आल्या. राजेशाही पाहुण्यांसाठी राखलेल्या दालनांत खाटा लागल्या. गरम पाणी पुरत नव्हते, थंडी हाडांत शिरत होती. मात्र हिवाळ्यात तळे गोठले की मुली त्यावर घसरत खेळत. हे बिऱ्हाड १९४६ पर्यंत तेथे होते.

या साऱ्यात एक बारीकशी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या दालनांत झोपणाऱ्या मुलींच्या श्वासाची वाफ भिंतींवर साचत राहिली आणि भिंतीवर राहिलेल्या काही चित्रांच्या मागच्या बाजूला बुरशी धरली. माझ्या स्नेह्यांना हे नुकसान वाटते. मला मात्र त्या घराच्या इतिहासातील ही सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते. पुढच्या बाजूला घराण्याचे वैभव, आणि मागच्या बाजूला अनेक हिवाळे तेथे सुखरूप झोपलेल्या मुलींचे श्वास. वास्तूचे मोल तिच्या दगडात असते हे मी नाकारत नाही, पण दगड एकावर एक रचले गेले ते कोणाला तरी आत घेण्यासाठीच. बाहेर बॉम्ब पडत असताना जे घर आतून कडी लावून बसते, त्याला वारसा म्हणताना मला अडखळायला होते.

शिवाय रिकामे घर सुरक्षित राहते हा समजही खोटा आहे. कौले सरकतात, पन्हळ तुंबते, पाणी तुळईत मुरते आणि ते पाहायला कोणी नसते. राहत्या घरात गळती लागली तर पहिल्याच रात्री कोणीतरी बादली ठेवते. विरोधी मते असतील तर ती जरूर मांडावीत.

---

चुन्याचा गिलावा

असहमत. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी अनेक वर्षे करत आहे, त्यामुळे आपण ज्या बुरशीचे इतक्या हळुवारपणे वर्णन केले आहे तिच्याकडे मला तसे पाहता येत नाही.

झोपलेले माणूस एका रात्रीत श्वास आणि घाम मिळून साधारण पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडते. एका दालनात वीस मुली धरल्या तर सकाळपर्यंत अर्धी बादली पाणी त्या हवेत मिसळलेले असते. युद्धकाळात दिवे बाहेर दिसू नयेत म्हणून खिडक्या घट्ट झाकलेल्या, कोळशाची टंचाई, म्हणजे भिंती गार. चित्र आणि भिंत यांच्या फटीत हवा खेळत नाही, त्यामुळे दमटपणा नेमका तेथेच अडकतो. आणि चित्राच्या कापडाला जो सरसाचा हात दिलेला असतो तो बुरशीचे आवडते खाद्य. ती एकदा कापडाच्या धाग्यांत शिरली की वरवर पुसून जात नाही. आपण ज्याला नोंद म्हणता, ती नोंद मूळ मजकूर खाऊन लिहिली जाते.

आणि चॅट्सवर्थ तर थोडक्यात निभावले. यॉर्कशायरमधील कासल हॉवर्डचे काय झाले ते पाहा. जॉन व्हॅनब्रू यांनी १६९९ पासून रचलेला तो प्रासाद. तेथे स्कार्बरोहून हलवलेली क्वीन मार्गारेट्स ही मुलींची शाळा राहत होती. ९ नोव्हेंबर १९४० रोजी आग लागली. घुमट कोसळला, वीसच्या आसपास खोल्या जळाल्या आणि घुमटात पेलेग्रिनी या व्हेनिसच्या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली चित्रे कायमची गेली. मुलींनी आणि कर्मचाऱ्यांनी सामान बाहेर काढायला हात लावला, हे त्यांचे धैर्यच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घुमट पुन्हा उभा राहिला आणि आत नवी चित्रेही काढली गेली, पण आज वर पाहणाऱ्याला पेलेग्रिनी दिसत नाही. मुलींना दोष देण्याचा माझा हेतू अजिबात नाही. मुद्दा इतकाच की, शेकडो माणसे, चुली, शेगड्या आणि धुराडी एकदम वापरात आली की जुन्या लाकडी घराचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि युद्धात अग्निशामक दल वेळेवर पोहोचेलच याची हमी नसते.

दुसरे असे की, ड्यूकनी घर दिले ते केवळ करुणेपोटी, असे चित्र आपल्या लेखनातून उभे राहते. त्यांचा हिशेब सरळ होता: घर कोणाला तरी द्यावे लागणारच, तर सैनिकांपेक्षा शाळेच्या मुली बऱ्या. म्हणजे तो निर्णय घर वाचवण्याचाच होता. मला तो हिशेब पूर्ण मान्य आहे, परंतु मग त्याला दानाचे नाव देऊ नये.

---

साधी ओळ

गिलावा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून थोडेसे. पेनऱ्होसच्या मुली फी भरून शिकणाऱ्या होत्या; त्यांना निर्वासित म्हणणे ताणल्यासारखे वाटते. बकिंगहॅमशायरमधील वॉड्सडन मॅनर हे याहून बोलके उदाहरण आहे. जेम्स आणि डोरोथी डी रॉथशिल्ड यांनी युद्ध सुरू झाल्यावर त्या प्रासादात क्रॉयडनहून हलवलेली पाच वर्षांखालील सुमारे शंभर मुले ठेवली. मात्र त्याच वर्षी, युद्धाच्या काही महिने आधी, फ्रँकफर्टहून जी सुमारे तीस ज्यू मुले आली, ज्यांना जगात दुसरे घर उरले नव्हते, त्यांची सोय त्याच दांपत्याने गावातल्या 'द सीडार्स' नावाच्या घरात केली. ती मुले गावच्या शाळेत गेली, गावच्या मुलांबरोबर फुटबॉल खेळली. खऱ्या निराश्रितांना प्रासादाची गरज नव्हती. त्यांना शेजार हवा होता, आणि तो साध्या घरात मिळाला.

---

अभिलेख

गिलावा यांचा आक्षेप वास्तूच्या बाजूने आहे. माझा आक्षेप माणसांच्या बाजूने आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. धागाकर्त्यांनी निवडलेले घर अशा देशातील आहे जेथे शत्रूचे पायदळ कधी पोहोचलेच नाही. जेथे शत्रू दारापर्यंत येतो, तेथे मोठे, सर्वांच्या नजरेत भरणारे घर आसरा ठरत नाही, सापळा ठरते.

फ्रान्सच्या आँ विभागात, ऱ्होन नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून असलेले इझियू गावचे एक प्रशस्त घर आहे. साबीन झ्लातँ आणि त्यांचे पती मिराँ यांनी १९४३ च्या वसंतात तेथे ज्यू मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. बेले येथील उपजिल्हाधिकारी पिएर-मार्सेल विल्तझेर यांनी ते घर मिळवून देण्यास साहाय्य केले. त्या वेळी हा भाग इटालियन सैन्याच्या ताब्यात होता आणि इटालियन अधिकारी ज्यूंना जर्मनांच्या हवाली करत नव्हते. घरातच वर्ग भरत असे. एकवीस वर्षांची एक शिक्षिका मुलांना शिकवत असे. मुलांची पत्रे आणि चित्रे आजही उपलब्ध आहेत. ती पाहताना काळजात लक्कन हलते, कारण त्यांत भीती फार थोडी आहे आणि वाढदिवस, सहली, आईला पाठवलेले पापे हेच भरभरून आहे.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि तो प्रदेश जर्मनांच्या हाती गेला. घर तेच होते, भिंती त्याच होत्या, गावकरीही तेच होते. पण त्या दिवसापासून तो आसरा उरला नाही. ६ एप्रिल १९४४ रोजी, ईस्टरच्या सुट्टीच्या पहिल्या सकाळी, मुले न्याहारीला बसत असताना लिओंच्या गेस्टापोचे, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचे ट्रक दारात आले. हुकूम तेथील गेस्टापोचा प्रमुख क्लाउस बार्बी याचा होता. ४४ मुले आणि ७ प्रौढ पकडले गेले. एक तरुण खिडकीतून उडी मारून निसटला. त्या ४४ मुलांपैकी एकही परतले नाही. पकडलेल्या प्रौढांपैकी एकच स्त्री वाचली. साबीन झ्लातँ त्या दिवशी घरी नव्हत्या, कारण त्या माँपेलिएला गेल्या होत्या आणि ही मुले निरनिराळ्या ठिकाणी विखरून ठेवण्यासाठी जागा शोधत होत्या.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. ज्यांनी ते घर उभे केले त्यांनाच कळून चुकले होते की, आता घर मोडायला हवे. मुलांना मदत करणाऱ्या ओएसई या ज्यू संस्थेचा अनुभवही तोच होता. या संस्थेने फ्रान्समधील अनेक जुन्या शातोंमध्ये, म्हणजे गढीवजा वाड्यांमध्ये, मुलांची वसतिगृहे चालवली. ऑगस्ट १९४२ मध्ये क्रझ विभागातील शाबान येथील शातोवर पोलीस आले आणि त्यांनी काही मोठ्या मुलांना नेले. त्यानंतर जॉर्ज गारेल यांनी गुप्त जाळे विणले: मुलांना खोटी नावे, खोटी कागदपत्रे आणि शेतकरी कुटुंबांमध्ये एक-एक दोन-दोन जागा. हजाराहून अधिक मुले अशी लपवली गेली. त्यांना वाचवणारे छप्पर कोणत्याही वारसायादीत बसणारे नव्हते. ते कोणाच्या लक्षात न येणारे होते म्हणूनच उपयोगी पडले.

---

उंबरठा

अभिलेख, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवले नाही. माझे उदाहरण सोयीचे होते हे मी मान्य करतो. साधी ओळ यांचा मुद्दाही बिनतोड आहे.

तरीही एक गोष्ट मांडतो. त्या एका वर्षात इझियूच्या घरातून शंभराहून अधिक मुले गेली. त्यांपैकी बरीच ६ एप्रिलच्या आधी पुढे कोणाकडे तरी पाठवली गेली होती. नजरकैदेच्या छावण्यांतून सोडवलेल्या मुलाला थेट अनोळखी शेतकऱ्याच्या घरी पाठवता येत नाही. त्याला आधी कोठेतरी न्हावे-जेवावे लागते, नव्या नावाची सवय करावी लागते, रात्री दचकून उठल्यावर कोणीतरी जवळ असावे लागते. हे विखुरलेल्या घरांत सुरू होत नाही. त्यासाठी प्रथम एक मोठे घर लागतेच.

---

नदीकाठ

उंबरठा यांनी नुकतेच जे लिहिले त्याला इटलीत एक जवळजवळ तंतोतंत उदाहरण आहे, आणि ते या वादातील दोन्ही बाजूंना थोडे थोडे अडचणीत आणते.

मोदेना शहराजवळील नोनान्तोला या गावात व्हिला एम्मा नावाचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला प्रासाद आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि युगोस्लाव्हियातून निसटलेल्या ज्यू मुलांचा एक जथा जुलै १९४२ मध्ये तेथे आला. १९४३ च्या वसंतात दुसरा जथा आला. एकूण ७३ मुले. त्यांचे पुढारीपण योसेफ इंडिग या तरुणाकडे होते. घर भव्य होते पण राहण्याच्या दृष्टीने ओकेबोके; मुलांनी आणि गावच्या सुतारांनी मिळून त्यात हळूहळू जीव आणला. येथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. ही मुले वाड्याच्या फाटकाआड राहिली नाहीत. ती गावातल्या शेतांवर कामाला गेली, गावच्या मुलांशी त्यांची मैत्री झाली, डॉक्टर ज्युसेप्पे मोरेआली त्यांना तपासायला येत आणि अर्रिगो बेक्कारी या तरुण पाद्रींचे त्यांच्याकडे जाणे-येणे होते.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली, म्हणजे इझियूचे दैव ज्या घटनेने फिरले तीच घटना. जर्मन तुकड्या गावात येताच सुमारे दीड दिवसात व्हिला एम्मा रिकामा झाला. काही मुले मठाशेजारच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्रींच्या विद्यालयात गेली, बाकीची गावकऱ्यांच्या घरांत. जर्मनांच्या हाती रिकामा वाडा लागला. पुढच्या महिन्यात मुले गटागटाने आगगाडीने सरहद्दीकडे निघाली आणि रात्रीच्या अंधारात, एकमेकांचे हात धरून, त्रेझा नदीच्या पाण्यातून स्वित्झर्लंडमध्ये पोहोचली. एक मुलगा आजारपणामुळे आधीच क्षयरोग्यांच्या रुग्णालयात होता. तो मागे राहिला आणि ऑशविट्झला नेला गेला. बाकी सारी वाचली.

आता मी माझे मत सांगतो. व्हिला एम्माने त्या मुलांना वाचवले का? शेवटच्या क्षणी नाही; त्या क्षणी ते घर सोडण्यामुळेच ती वाचली. पण दीड दिवसात सत्तरहून अधिक परक्या, परभाषी मुलांना घरात घ्यायला एखादे गाव तयार होते ते आधीच्या चौदा महिन्यांच्या ओळखीमुळे, आणि ती ओळख त्या घरामुळे झाली. म्हणून अभिलेख ज्या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या करतात, म्हणजे मोठे घर आणि विखुरलेली घरे, त्या मला एकाच दोरीची दोन टोके वाटतात. ज्या घराला गाव नाही, ते घर कितीही जुने असो, त्याचा भरवसा धरू नये.

याच कारणासाठी चीनमधील नानचिंग शहरातील जॉन राबे यांच्या घराची आठवण होते. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने ते शहर घेतले तेव्हा सीमेन्स कंपनीच्या या जर्मन प्रतिनिधीने आपल्या घरात आणि बागेत सहाशेहून अधिक चिनी लोकांना ठेवले होते. विमानांना दिसावा म्हणून बागेत नाझी जर्मनीचा ध्वज ताणून बांधला होता, आणि जपान्यांच्या मित्रराष्ट्राचा नागरिक दारात उभा आहे एवढ्यावर ते कुंपण टिकले. भिंतीची उंची तेथे काहीच कामाची नव्हती. तेथून काही अंतरावर, राबे अध्यक्ष असलेल्या परदेशी नागरिकांच्या समितीने निराश्रितांसाठी आखलेल्या सुरक्षित क्षेत्रात, शस्त्रे टाकून आलेल्या चिनी सैनिकांना जपानी सैन्याने ओढून नेले. ही समिती त्यांना वाचवू शकली नाही.

---

अभिलेख

नदीकाठ, व्हिला एम्माचे उदाहरण मी नाकारणार नाही, पण त्यातील नशिबाचा वाटा आपण कमी लेखत आहात. नोनान्तोलात जर्मन आले तेव्हा मुलांची शोधाशोध लगेच सुरू झाली नाही. ते काही दिवस मिळाले म्हणून पुढचे सारे जमले. इझियूतही आपुलकी होती, शेजारी दूध-भाजी देत होते. तेथे आगाऊ सूचना मिळाली नाही, एवढाच फरक. आपुलकी असलेले गाव पुरेसे असते असे म्हणणे हे इझियूच्या गावकऱ्यांवर नकळत ठपका ठेवण्यासारखे आहे, आणि तो त्यांच्यावर ठेवता येणार नाही.

---

नदीकाठ

हे बरोबर आहे. ठपका ठेवण्याचा हेतू नव्हता, तरी 'ज्या घराला गाव नाही' या माझ्या वाक्यातून तसा अर्थ निघतो हे खरे. ते मागे घेतो.

---

चुन्याचा गिलावा

चर्चा माणसांच्या जिवाकडे वळली आणि ती तिकडेच वळायला हवी होती. मी माझ्या पहिल्या प्रतिसादात बुरशीबद्दल जितक्या आवेशाने लिहिले, तितक्या आवेशाने इझियूबद्दल वाचल्यानंतर लिहिले नसते. परंतु वास्तूच्या बाजूने एक व्यावहारिक गोष्ट उरते.

१९५४ च्या हेग करारानुसार युद्धकाळात सांस्कृतिक वास्तूंचा असा वापर टाळायचा असतो, ज्यामुळे त्यांच्यावर हल्ला ओढवेल. निळ्या-पांढऱ्या ढालीचे चिन्ह त्याच करारातून आले. निःशस्त्र नागरिकांना आसरा देणे हा लष्करी वापर नव्हे. मात्र त्याच घरात चार शिपाई मुक्कामाला आले, माळ्यावर बिनतारी यंत्र बसले की चित्र पालटते, आणि त्याची किंमत आत झोपलेली माणसे मोजतात. म्हणून आसरा द्यायचाच तर तेथे बंदूक येऊ देऊ नये, मग ती आपल्या बाजूची का असेना. नानचिंगच्या समितीनेही आपल्या क्षेत्रातून चिनी सैन्य मागे घ्यावे म्हणून धडपड केली होती, ती याच कारणासाठी.

उरलेले काम माझ्यासारख्यांचे. चित्रे उतरवून हलवावीत; फ्रान्सने ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस लूव्हर्‌मधील चित्रे शांबोरच्या शातोत नेली आणि मोनालिसा युद्ध संपेपर्यंत एका आसऱ्यातून दुसऱ्या आसऱ्यात फिरत राहिली, म्हणजे चित्रांना हलवता येते. जे उतरवता येत नाही त्याच्यामागे बोटभर फट ठेवावी, दिवसा एक तरी खिडकी उघडी राहील असे पाहावे, शेगडी फक्त एका दगडी खोलीत लावू द्यावी आणि रात्री आगीवर नजर ठेवायला पाळी लावावी. घर रिकामे करून माणसांच्या स्वाधीन करायला किती वेळ लागतो, याचे उत्तर धागाकर्त्यांच्या पहिल्याच उदाहरणात आहे. चॅट्सवर्थला अकरा दिवस लागले होते.